पंप गळतो का?

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

ज्या विद्यापीठानं परभणी क्रांती भेंडी आणि नांदेड-४४ कपाशी दिली, तिथे येऊन मी शेतीवर बोलणं म्हणजे आगाऊपणा. मी शरीरक्रियाशास्त्राचा माणूस. माझा विषय श्वास.

जरा सगळ्यांनी श्वास रोखून धरा. व्यासपीठावरच्यांनीसुद्धा. थोड्याच वेळात जीव कासावीस होतो. आपल्याला वाटतं, ऑक्सिजन संपला. तो अजून पुरेसा असतो. वाढलेला असतो कार्बन डायऑक्साइड. तो रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतो, आम्लता वाढते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतल्या पेशींना ती ताबडतोब कळते. फुप्फुसातल्या हवेत हा वायू जेमतेम ०.२ टक्क्यानं वाढला तरी श्वसन जवळपास दुप्पट होतं, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवलं. ऑक्सिजनवर नजर ठेवणारे पहारेकरी निराळे. गळ्यात दोन्ही बाजूंना, डोक्याकडे जाणारी धमनी जिथे दुभंगते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढे दोन पुंजके असतात. त्यांचं काम उलगडणाऱ्या कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं.

खबर आली की लंबमज्जेतून हुकूम सुटतो आणि मानेतून निघणाऱ्या फ्रेनिक चेतेवाटे श्वासपटलापर्यंत जातो. चेता आणि स्नायू यांच्यात एक बारीक फट असते. ती फट ॲसिटिलकोलीन हे रसायन ओलांडतं. निरोप पोचताच एक विकर त्याला मोडून टाकतं, म्हणून स्नायू सैल पडून पुढच्या श्वासाला मोकळा होतो.

आता तुमच्या अभ्यासक्रमाकडे या. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही फवारणीची ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं नेमकं हेच विकर निकामी करतात. अळीचंही आणि माणसाचंही. मग फुप्फुसात पाणी भरतं, स्नायू आधी फडफडतात, नंतर लुळे पडतात, लंबमज्जाही मंदावते. कार्बन डायऑक्साइड वाढतच असतो, पण हुकूम अर्धा निघतो आणि निघाला तरी श्वासपटल हलत नाही.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा बातम्या भरपूर आल्या. रोजची फवारणी मात्र कुणी जवळून पाहत नाही. पाठीवरचा पंप झाकणापाशी गळतो, सदरा ओला होतो आणि माणूस तसाच दुपारपर्यंत ओळी संपवतो. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकतो. नाकाला रुमाल बांधला की झालं, अशी आपली समजूत. फवारणाऱ्याच्या अंगात विष जातं ते बहुतांशी कातडीतून.

विषबाधेवर उतारा म्हणून दिलं जाणारं ॲट्रोपिन फुप्फुसातलं पाणी आवरतं, पण लुळ्या श्वासपटलावर त्याचा इलाज चालत नाही. तिथे व्हेंटिलेटरच लागतो. त्यामुळे बांधापासून दवाखान्यापर्यंतचा वेळ फार मोलाचा. ओले कपडे काढा, साबणानं अंग धुवा, कुशीवर झोपवा आणि दवाखान्यात हलवा. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, ग्लानीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते शिरतं. औषधाची बाटली सोबत न्या, डॉक्टरला त्यावरचं रासायनिक नाव हवं असतं.

तुमच्यातले बरेच जण जिंतूर, सेलू, पाथरीला कृषी सेवा केंद्र टाकतील. फवारा मारणाऱ्याचा पहिला सल्लागार डॉक्टर नसतो, तुम्ही असता. गिऱ्हाईकाला बाटलीवरचा त्रिकोण दाखवा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. शिफारस नसताना दोन औषधं एकत्र करून देऊ नका, शेजारचा दुकानदार देत असला तरी. हातमोजे मागच्या फळीवर धूळ खात ठेवू नका. आणि बाटली हातात देण्याआधी विचारा, पंप गळतो का? गळत असेल तर आधी वायसर विका.