औषध उतरले, निदान महागच



खोकला, ताप, घटणारे वजन, थुंकीतून रक्त. क्षयाची ही लक्षणे खेड्यापाड्यांतही पाठ आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगाचीही हीच. क्ष-किरण चित्रात दोहोंची सावली पुष्कळदा सारखी दिसते. क्षय नित्याचा, कर्करोग विरळा. म्हणून थुंकीत जंतू न सापडताही क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. यात डॉक्टरच्या चुकीपेक्षा त्याच्या हाताशी असलेल्या साधनांचे दारिद्र्य अधिक आहे. गुण येत नाही हे ध्यानात येण्यात महिने जातात आणि तोवर रोग पसरतो. भारतात दर वर्षी सुमारे 80 हजार लोकांना हा कर्करोग होतो, असा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य शस्त्रक्रियेची वेळ टळल्यावरच मोठ्या रुग्णालयात पोचतात. सारा दोष विडी-सिगारेटवर टाकूनही भागत नाही, कारण कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रियाही त्यांत आहेत.

औषधांच्या आघाडीवर या देशाने काही कमावलेले आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधांवरील उत्पादन-पेटंट नाकारले आणि त्या आधारावर देशी औषध-उद्योग वाढला. 2005 च्या दुरुस्तीने ते कवच गेले. तरीही एर्लोटिनिब या फुप्फुसाच्या कर्करोगावरील औषधासाठी रोश कंपनीने सिप्लाविरुद्ध मागितलेला अंतरिम मनाईहुकूम दिल्ली उच्च न्यायालयाने 2008 साली नाकारला. रोशची गोळी सुमारे 4,800 रुपयांना, सिप्लाची 1,600 रुपयांना. किमतीतील ही तफावत न्यायालयाने लोकहिताचा प्रश्न म्हणून विचारात घेतली. पुढे 2019 साली सरकारने कर्करोगावरील 42 औषधांच्या व्यापारी नफ्याला 30 टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा याच औषधाच्या एका ब्रँडची छापील किंमत दहा हजारांवरून नऊशेच्या आत आली. गोळी तीच होती, कारखानाही तोच. मधले नऊ हजार कोठे मुरत होते, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही!

पण ही गोळी सरसकट लागू पडत नाही. ईजीएफआर या जनुकात विशिष्ट बदल असलेल्यांनाच ती उपयोगी. या कर्करोगाच्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारात भारतात असे रुग्ण साधारण चौथा हिस्सा असतात. तो बदल शोधायला सीटी स्कॅन, बायॉप्सी, रोगनिदानतज्ज्ञ आणि जनुकीय चाचणी लागते. हे सारे शहरांत एकवटलेले. 1941 साली परळला उभ्या राहिलेल्या टाटा रुग्णालयाकडे आजही बिहार-बंगालपासून रुग्ण येतात, ते हौसेने नव्हे. 2024 च्या अर्थसंकल्पात ऑसिमर्टिनिब या नव्या औषधाचे आयातशुल्क माफ झाले. त्याचा लाभही जनुकीय चाचणीपर्यंत पोचलेल्यालाच.

तेव्हा मागणी तालुक्याच्या क्षयकेंद्रापासून सुरू झाली पाहिजे. थुंकीत जंतू नाहीत आणि गोळ्यांनी उतार नाही, अशा प्रत्येकाचा सीटी स्कॅन व बायॉप्सी ठरलेल्या मुदतीत, सरकारी खर्चाने व्हावी. प्रवासखर्चही त्यातच धरावा. रेल्वेची सवलत कर्करोगाचा दाखला हाती असलेल्याला मिळते; तो दाखला मिळवण्यासाठी निघालेल्या शेतमजुराला तिकीट पूर्ण पडते, आणि रोजही बुडतो.