यंत्र, माणूस आणि रुपेरी पडदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी बेसा येथे केलेले भाषण)



यंत्रांमुळे माणसाचे जे नुकसान होते ते चित्रपटांत कसे दाखवितात, या विषयावर मी बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय मोठा व वेळ थोडा. म्हणून चार-पाच चित्रपटांच्या आधारे मनातले विचार मांडते.

चार्ली चॅप्लिन आणि गांधीजी यांची १९३१ साली लंडनला भेट झाली, तेव्हा दोघांत यंत्रांविषयीच बोलणे निघाले होते. पुढे १९३६ साली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ आला. त्यातला कामगार सरकत्या पट्ट्यापुढे दिवसभर नट आवळतो. काम थांबले तरी त्याचे हात थांबत नाहीत. जेवणाच्या सुट्टीचा वेळ वाचावा म्हणून त्याला यंत्राने भरवून पाहतात! आपण पोट धरून हसतो, पण मनाला चटका बसतोच.

आपल्याकडे १९५७ साली बी. आर. चोप्रांचा ‘नया दौर’ आला. गावात आधी विजेची करवत येते, मजूर बेकार होतात; मग बस येते आणि टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो. टांगा व बस यांची शर्यत लागते, तिच्यासाठी सारा गाव रस्ता बांधतो. पण नीट पाहिले तर नायकाचे भांडण यंत्राशी नाही. फायदा एकाचा आणि उपासमार सर्वांची, या व्यवहाराशी आहे. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या कित्येक चुली तिच्यावर पेटल्या. ती बंद पडली तेव्हा लोक यंत्र आले म्हणून नव्हे, यंत्र थांबले म्हणून हवालदिल झाले.

परंतु भगिनींनो, या दोन्ही कथांत घाव बसतो तो मुख्यतः पुरुषाच्या रोजगारावर. आपल्या कष्टांचे काय? बेसा कालपरवापर्यंत शेतीचे गाव होते, आज येथे उंच इमारती आहेत. माझ्या आईने जात्यावर दळले, पाट्यावर वाटले. त्या चटणीची गोडी सारेच वर्णितात; तिच्या दुखऱ्या खांद्यांचे वर्णन कोणी करीत नाही.

‘द ग्रेट इंडियन किचन’ या २०२१ च्या मल्याळी चित्रपटाने मात्र ते केले. त्यातल्या सासऱ्यांना चटणी दगडावर वाटलेली हवी, भात चुलीवरचा हवा, कपडे हाताने धुतलेले हवेत. यंत्र नको म्हणणारे ते, आणि राबणारी सून! ‘एलिझाबेथ एकादशी’ हा २०१४ चा आपला मराठी चित्रपट आठवा. पंढरपूरच्या त्या विधवा आईचे स्वेटर विणण्याचे यंत्र कर्जापायी जाऊ लागते, तेव्हा घराचा आधारच जातो. तेथे यंत्र म्हणजे भाकरी आहे.

मग नवी यंत्रे सारी निर्दोष का? तसे मुळीच नाही. २०२४ च्या ‘कंट्रोल’ या हिंदी चित्रपटात एक मुलगी आपल्या संगणकाचा सारा ताबा एका बोलक्या मदतनिसाच्या हाती देते आणि हळूहळू स्वतःच्या आयुष्याचा ताबा गमावते. आपल्या हातांतील मोबाइलही अशाच परवानग्या मागत असतो, आणि आपण न वाचता ‘हो’ म्हणतो.

तात्पर्य एवढेच की, यंत्र चांगले की वाईट हा प्रश्न अपुरा आहे. कोणाचे श्रम वाचले, कोणाची भाकरी गेली आणि ताबा कोणाच्या हाती राहिला, हे तीन प्रश्न प्रत्येक चित्रपटाला विचारावेत. घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्रालाही विचारावेत. मंडळाने वर्षातून एकदा असा एखादा चित्रपट दाखवावा, आणि त्या दिवशी घरच्या पुरुषमंडळींनाही आग्रहाने बोलवावे, अशी माझी सूचना आहे. चहा त्या दिवशी त्यांनीच करावा!