परक्या सुरांतली स्वतःची गाणी

गावच्या जत्रेत वाजणारा बँड लोकांच्या ओळखीचीच गाणी वाजवतो. 1980च्या दशकात मुंबईच्या रॉक बँडांचंही तेच होतं. विलायती गाणी हुबेहूब वाजवली, की टाळ्या. स्वतःचं काही सुरू केलं, की आरडाओरडा!

1984 साली मुंबईत सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’नं हा शिरस्ता मोडायचं ठरवलं. गिटारवर महेश तिनईकर, पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आले. 1988 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. गाणी इंग्रजी, पण त्यांनी स्वतः रचलेली. खरं सांगायचं, तर त्यावर अमेरिकन हार्ड रॉकची छाप ठळक आहे. तरीही धाडस मोठंच. तिकडे इंग्लंडात पंक आणि पोस्ट-पंक या रॉकच्या शाखांतल्या बँडांनीही असाच हट्ट धरला होता: जमेल तसं वाजवू, पण आपलं वाजवू.

1993 मध्ये बँडनं नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. पुढच्याच वर्षी मुंबईत ‘पेंटाग्राम’ उभा राहिला. त्याचा गायक म्हणजे हिंदी चित्रपटांतल्या विशाल-शेखर जोडीतला विशाल ददलानी. स्वतःची गाणी घेऊन मंचावर जाण्याची वाट या पिढीला बरीचशी तयार मिळाली, ती ‘रॉक मशीन’मुळे.