शेगावचं टक्कल आणि रेशनचा गहू

(एडिसन येथील बैठकीत केलेलं भाषण)



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांची बाटली असेल. तिच्यावर सेलेनियम किती लिहिलंय ते आज पाहा. प्रौढ माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे मिठाच्या एका कणाएवढं. रोज ४००च्या वर गेलं की धोका.

त्वचेच्या पेशींचं सगळं असं मोजूनमापून चालतं. प्रयोगशाळेत कॅल्शियम कमी ठेवलं तर त्या नुसत्या विभागत राहतात. वाढवलं की विभाजन थांबवून पक्क्या होऊ लागतात. अंगावरही तळच्या थरात कॅल्शियम कमी, वर जास्त. ज्या बाळांच्या आतड्यात जस्त शोषलं जात नाही, त्यांच्या तोंडाभोवती चट्टे उठतात, केस गळतात. जस्त दिलं की सुधारतात. सेलेनियम काटेकोरपणे धातू नव्हे, पण जास्त झालं तर केराटिनमधल्या गंधकाची जागा घेतं असं मानतात. मग केस आणि नखं कमजोर होतात.

डिसेंबर २०२४ पासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात नेमकं केस जाऊ लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा. तीन-चार दिवसांत टक्कल! आधी संशय पाण्यावर आणि बुरशीवर. पुढे काहींची नखंही गळाली. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले आणि पदरमोड करून त्यांनी नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, केसांत १५० पट. जस्त मात्र कमी. रेशनच्या गव्हात किलोमागे सुमारे १४.५ मिलिग्रॅम. धुतल्यावरही फारसा फरक नाही, कारण ते दाण्यातच असतं. हा गहू पंजाबातून आला, असा त्यांचा निष्कर्ष. तिथे होशियारपूर-नवांशहर भागात जमिनीतच सेलेनियम जास्त आहे.

इथेही असं घडलंय. २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरक औषधात सेलेनियम चुकून सुमारे २०० पट पडलं. १० राज्यांत २०१ जणांना बाधा झाली, बहुतेकांचे केस गेले. माल बाजारातून परत मागवला गेला. त्या बाटलीवर निदान कंपनीचं नाव होतं, आणि ती घ्यायची की नाही हे गिऱ्हाइकाच्या हातात होतं. शेगावातल्या कार्डधारकाला मिळतो तो गहू घ्यावा लागतो, आणि पोत्यावर सेलेनियमचा आकडा नसतो. गोदामातून निघण्याआधी तो तपासावा, एवढीच मागणी आहे. आपल्यात धान्यतपासणीच्या प्रयोगशाळांत काम करणारे काही जण आहेत. एका नमुन्याला खर्च किती येतो, हे त्यांनी चहाच्या वेळी मला सांगावं.