सतरा वर्षांचा चढाईपटू प्रो कबड्डीपर्यंत जाईल का? गुणलेखकाच्या वहीतून

रत्नागिरीतून बोलतोय. एसटीत असाल, हॉस्टेलवर असाल, नाहीतर आंब्याच्या पेट्या भरता भरता ऐकत असाल, आज जरा कान देऊन ऐका. कारण आजचा विषय आपल्यापैकी कुणाच्या तरी घरात आत्ता चालू आहे.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक वाडीत असा एक पोरगा असतो. रात्रीच्या सामन्यात एका चढाईत तीन गडी मारून येतो. त्याचा व्हिडिओ सकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतो. मुंबईकर चाकरमानी खाली लिहितात, "ह्याला प्रो कबड्डीत टाका रे!" आणि मग घरात खरा प्रश्न सुरू होतो. टाकायचा म्हणजे कसा? आणि तो खरंच तेवढा आहे का?

मी काही मोठा खेळाडू नाही. मी गुणलेखक. म्हणजे मैदानाच्या बाजूला टेबलावर वही घेऊन बसतो तो. प्रेक्षक ओरडतो तेव्हा मी खाली बघून आकडा टाकत असतो. या कामाचा एक फायदा आहे: सगळ्यांना लक्षात राहते ती तीन गड्यांची चढाई, आणि माझ्या वहीत राहतात त्याच्या आधीच्या सहा रिकाम्या चढाया.

तर मला एका श्रोत्याचा मेसेज आला. त्याचा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा, अकरावीत आहे. उंची पाच फूट नऊ इंच, वजन ६४ किलो. त्याला बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका अकॅडमीने सांगितलंय, "बारावी सोड, इकडे ये, दोन वर्षांत प्रो कबड्डी. गॅरंटी." फी भरपूर. वडील कर्ज काढायला तयार, आई नको म्हणते. मेसेजच्या शेवटी लिहिलंय, "दादा, तुम्ही त्याला बघितलंय. खरं काय ते सांगा."

बघितलंय. त्याच्या चार सामन्यांचं गुणलेखन माझ्याकडे आहे. नाव नाही सांगत, आकडे सांगतो.

चार सामन्यांत ६१ चढाया. २७ चढायांत गुण, २२ रिकाम्या, १२ वेळा बाद. एकूण गुण ३८. आता ३८ गुण म्हणजे वाडीत मिरवणूक. पण थांबा, जरा फोडून बघू.

पहिला प्रश्न: गुण कुणाविरुद्ध? ३८ पैकी २६ गुण पहिल्या दोन सामन्यांतले. समोरचे संघ नवखे होते, साखळी धरायलाच येत नव्हती. उपउपांत्य आणि उपांत्य सामन्यात मिळून १२.

यावर क्रिकेटचं एक उदाहरण सांगतो. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी करंडकाच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. जगभर बातमी झाली. ती चिकाटी, तो दमसास खोटा नव्हता, ३२७ चेंडू खेळायचे म्हणजे चेष्टा नाही. पण समोरचा संघ दोन डावांत ३१ आणि ५२ वर आटोपला होता. शाळेतला आकडा लोकांचं लक्ष वेधून घेतो, पुढच्या पायरीचं तिकीट मात्र तो देत नाही. म्हणून आकडा ऐकला की आधी विचारायचं, समोर कोण होतं?

दुसरा प्रश्न: गुण कसले? या पोराच्या ३८ मध्ये १३ बोनस आहेत. बोनस वाईट नाही. अनुप कुमारसारख्या कर्णधाराने बोनस आणि पायाच्या स्पर्शावर सामने फिरवलेत. पण समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो, हे विसरू नका. समोर पाच उरले की ते दुकान बंद. आणि समोर तीन किंवा कमी उरले असताना तुम्ही धरले गेलात, तर त्यांना अव्वल पकडीचे दोन गुण. म्हणजे सामना जसा घट्ट होतो, तसा नुसत्या बोनसवर जगणारा चढाईपटू कोरडा पडतो. याचे शेवटच्या दोन सामन्यांतले १२ गुण बघितले, तर त्यातले ७ बोनसचे.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: तिसऱ्या चढाईत काय करतो? दोन रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो. गुण आणा नाहीतर बाद. ३० सेकंद असतात आणि समोरच्या सातही जणांना माहीत असतं की तुम्हाला यावंच लागणार. त्याच्या वाट्याला अशा ११ चढाया आल्या. चारात गुण, सातात बाद. या सातपैकी तीन वेळा तो पहिले वीस सेकंद नुसता मध्यरेषेपाशी नाचला आणि शेवटच्या दहा सेकंदांत आत घुसला. ही ताकदीची कमी नाही. वेळेचा अंदाज आणि निर्णय, यांची आहे.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची जागा असते. चेंडू त्याच्या हातात, निर्णय त्याचा. शाळेत असल्यापासून या पोरांना स्टार देतात, याद्या काढतात, कॉलेजं मागे लागतात. तरीसुद्धा टॉम ब्रेडी नावाचा खेळाडू २००० साली व्यावसायिक लीगच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर घेतला गेला, आणि पुढे त्याने सात वेळा सुपर बोल जिंकला. एवढे कॅमेरे, एवढी मोजमापं, तरी चुकले. का? हाताची ताकद मोजता येते. अंगावर माणसं धावून येत असताना डोकं थंड राहतं का, ते मोजायला कठीण. आपला चढाईपटू म्हणजे तोच क्वार्टरबॅक समजा.

चौथा प्रश्न: ओळखला गेल्यावर काय करतो? तो १२ वेळा बाद झाला, त्यातला आठ वेळा डाव्या कोपऱ्याने धरला. उपांत्य सामन्यात मध्यंतरापर्यंत समोरच्यांनी त्याची सवय ओळखली: हा वळताना उजवा पाय मागे ठेवतो. उत्तरार्धात त्यांनी फक्त त्या पायाची वाट बघितली. जिल्ह्यात तुम्हाला ओळखायला एक मध्यंतर लागतं. प्रो कबड्डीत सामन्याच्या आधीच तुमच्या चढायांचे व्हिडिओ बघून झालेले असतात. तिथे एका हुकमी डावावर कुणी टिकत नाही. परदीप नरवालची डुबकी सगळ्या देशाला माहीत होती, तरी २०१७ च्या हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण घेतले. कारण डुबकी मारणार की नाही, हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नव्हतं.

पाचवा प्रश्न: माती की मॅट? आपली तांबडी माती. तिच्यावर पाय थोडा सरकतो, पडलं तर खरचटतं, पण गुडघा सहसा सुटतो. मॅटवर बूट चिकटतो. वळायला वेग मिळतो, पण चुकीचं वळलात तर सगळा पिळा गुडघ्यावर. मोठ्या स्पर्धा मॅटवरच. त्यात आपल्याकडे जूनपासून चार महिने पाऊस, बाहेरचं मैदान बंद. म्हणजे वर्षातले चार महिने छपराखाली मॅट मिळते का, यावर बरंच ठरतं. हा पोरगा आजवर मॅटवर फक्त एकदा खेळलाय, निवड चाचणीत. त्या दिवशी सोबतच्या मुलाचे बूट घालून खेळला होता. त्यामुळे मॅटवर तो कसा आहे, याचं उत्तर माझ्या वहीत नाही, आणि त्या अकॅडमीकडेही असू शकत नाही. त्यांनी त्याचा फक्त व्हिडिओ बघितलाय.

सहावा प्रश्न: अंग. कुमार गटाची मर्यादा ७० किलो. पुरुषांत आणि प्रो कबड्डीत ८५. म्हणजे ६४ किलोचा हा पोरगा उद्या ८० किलोच्या कोपरारक्षकाच्या हातात सापडणार. वजन वाढायला हवं, पण वेग न घालवता, आणि त्याला वेळ लागतो. जेवण, झोप, व्यायाम यातलं काही रीलमध्ये दिसत नाही. जाता जाता सांगतो, वजनाच्या काट्यावर बसावं म्हणून दोन दिवस उपाशी राहणारी पोरं मी दरवर्षी बघतो. कृपा करून हे थांबवा. वाढत्या वयात असला उपास नुकसान करतो.

आता चांगली बाजू. ती पण वहीतच आहे. बाद होऊन परत आल्यावरच्या पहिल्या चढाईत हा पोरगा घाबरत नाही. अशा नऊ चढायांपैकी सहात गुण. धरल्यावर सोडत नाही, मध्यरेषेकडे रेटत राहतो. आणि उपांत्य सामन्यात चढाई चालेना तेव्हा त्याने उजव्या कोपऱ्यात उभं राहून तीन पकडी केल्या. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारला बघा. चढाई करतो आणि पकडीलाही उभा राहतो. त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये अंतिम सामना २८-२५ ने जिंकला. ज्याला दोन कामं येतात, तो संघात आधी बसतो.

मग वयाचं काय? "सतराव्या वर्षी नाही गेला तर गाडी सुटली" असं ती अकॅडमी म्हणते. नवीन कुमार अठराव्या वर्षी, २०१८ मध्ये, दबंग दिल्लीकडून चमकला हे खरं. पण त्याच हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईने यू मुंबाकडून पदार्पण केलं, आणि तेव्हा तो पंचविशी ओलांडलेला होता. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. म्हणजे गाडी एकच नसते. आणि तोच सिद्धार्थ नंतर दुखापतीमुळे आठव्या हंगामातला बराचसा काळ बाहेर बसला. कोटीचा खेळाडूसुद्धा एका खांद्यावर उभा असतो. दुरून डोंगर साजरे, एवढंच म्हणतो.

आता साधा हिशोब करा. संघ १२. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. म्हणजे सगळ्या देशासाठी फार तर ३०० जागा, त्यातही इराणसारख्या देशांचे खेळाडू आलेच. संघात रोज उतरणारे चढाईपटू तीन धरले तर ३६. एवढ्या जागांची कुणी गॅरंटी देत असेल, तर तो कबड्डी शिकवत नाही, स्वप्न विकतोय.

तर माझा निर्णय. पोरगा जिल्ह्याच्या वरचा आहे. राज्याच्या कुमार संघाच्या शिबिरापर्यंत जाण्याइतकं त्याच्याकडे आहे. प्रो कबड्डीचा आहे का? आजच्या आकड्यांवरून हो म्हणता येत नाही, आणि नाहीही म्हणता येत नाही. म्हणून कर्ज काढू नका. बारावी सोडू नका. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेतलं यश लागतं, प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आणि त्या पदाचं शिक्षणही लागतं. बारावी सोडलेल्या चांगल्या खेळाडूसाठी अर्धी दारं तिथेच बंद होतात.

त्याऐवजी दोन वर्षं द्या, आणि तीन गोष्टी ठरवून द्या. एक, आठवड्यातून दोन दिवस तरी मॅटवर सराव, आणि स्वतःच्या मापाचे बूट. गॅरंटीच्या फीपुढे हा खर्च काहीच नाही. दोन, डाव्या कोपऱ्यासमोर रोज वीस चढाया, पाय बदलून. तीन, सगळ्या सामन्यांची वही ठेवा: समोर कोण, चढाया किती, रिकाम्या किती, तिसऱ्या चढाईत काय झालं. वही त्याच्या मोठ्या भावाने लिहावी, त्याने स्वतः नाही. दोन वर्षांनी तगड्या संघांविरुद्ध तिसऱ्या चढाईचा आकडा निम्म्याच्या वर गेला, आणि वजन ७२-७५ झालं, तर मी स्वतः म्हणेन, बॅग भरा. नाही गेला, तर हातात बारावी आहे, प्रमाणपत्रं आहेत, आणि कबड्डी तर आहेच. ती कुठे पळून जात नाही.

आणि त्या पोराला माझा निरोप द्या. तू ऐकत असशीलच, म्हणून सरळ तुलाच सांगतो. तिसऱ्या चढाईत पहिल्या दहा सेकंदांत आत जा. बघ काय फरक पडतो.

तुमच्या वाडीत असा कुणी असेल तर हा एपिसोड त्याच्या घरच्यांना पाठवा, नुसता त्याला नको. पुढच्या भागात पकडपटूंबद्दल बोलू, त्यांचे रील कुणी बनवत नाही म्हणून. चला, भेटू.