सांगितलं तर कॉलेज बंद



स्त्रियांची सुरक्षितता म्हटलं की आपण कॅमेरे, रस्त्यावरचे दिवे, पोलिसांची गस्त याबद्दल बोलतो. ते हवंच. पण सुरक्षित वाटणं केवळ त्यावर ठरत नाही. लहानपणापासून कशाची भीती शिकवली गेली आणि काही घडलंच तर घरचे कसे वागतील, यावरही ते ठरतं.

आपण मुलींना अनोळखी माणसाची, अंधाऱ्या रस्त्याची भीती शिकवतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात, की बलात्काराच्या नोंदवलेल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) लग्न झालेल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. मग भीती रस्त्याचीच का? जी घटना पटकन आठवते, ती वारंवार घडते असं आपल्याला वाटतं. ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी हे १९७३ मध्येच मांडलं. डिसेंबर २०१२ मधली दिल्लीची बस सगळ्यांना आठवते. बंद दारामागची मारहाण बातमीत येतच नाही.

छेडछाड झाली तरी मुलगी घरी सांगत नाही, कारण पुढचं वाक्य तिला पाठ असतं: "उद्यापासून कॉलेज बंद." मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बग दाखवणाऱ्या टेस्टरलाच शिक्षा केली, तर बग कमी होत नाहीत, त्यांच्या नोंदी कमी होतात. घरातही तेच होतं, आणि त्याचा फायदा छेडणाऱ्याला मिळतो.

मुस्लिम मुलींवर तर दुहेरी ओझं आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, म्हणजे जाहीरपणे बोलणाऱ्या स्त्रिया. अटक झालेल्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. अशा वेळी घरच्यांनी "फोटो काढून टाक, लिहिणं बंद कर" म्हटलं, तर त्या मुलांचं अर्धवट राहिलेलं काम आपणच पूर्ण करतो. ज्यांनी पुढे येऊन तक्रार दिली, त्यांच्यामुळेच तपास सुरू झाला.

म्हणून भावांनो, बहिणीने काही सांगितलं तर "तू तिथे कशाला गेली होतीस?" हा प्रश्न गिळून टाका. "तुला काय करायचं आहे?" असं विचारा आणि ती म्हणाली तर सोबत जा. पाठलाग करणं, ऑनलाइन पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना त्या हद्दीत घडलेली नसली तरी चालते.

आणि नाक्यावर उभं राहून शेरे मारणारा अनेकदा आपलाच दोस्त असतो. बहिणीला घरी बसवणं सोपं आहे. त्या दोस्ताला सगळ्यांसमोर टोकणं अवघड आहे. सुरुवात तिथूनच करू या.