फाइल सेव्ह झाली म्हणजे नेमकं काय झालं?



आज ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतल्या कारभाराबद्दल, म्हणजे तिच्या गाभ्यातल्या कर्नलबद्दल, बोलणार आहे, कारण हा विषय परीक्षेपुरता वाचून सोडून दिला जातो आणि त्याचं मला वाईट वाटतं. “आम्हाला ॲप बनवायची आहेत, कर्नलशी आमचा काय संबंध?” हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका प्रकरणात सापडतं. प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहितो तेव्हा मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. कर्नल तो आधी मेमरीत ठेवतो. म्हणून डेटाबेस ‘एफसिंक’ हा सिस्टिम कॉल करून खात्री करून घेतो. २०१८ साली लक्षात आलं, की डिस्कवर लिहिणं फसलं तर लिनक्स ती चूक एकदा कळवतो, पण मेमरीतली पानं मात्र लिहून झाल्यासारखी धरतो. पुन्हा एफसिंक केलं की उत्तर येतं, सगळं ठीक! पोस्टग्रेस या दुसऱ्या उत्तरावर जवळपास वीस वर्षं विसंबून होता. २०१९मध्ये सुधारणा झाली: एफसिंक फसलं की सर्व्हर थांबवायचा आणि लॉगवरून डेटा पुन्हा उभा करायचा. तुमचं ॲप अशाच डेटाबेसवर उभं असणार आहे.

यावर कोणी म्हणेल, आता मेमरीच्या चुका रोखणारी रस्ट ही भाषा आहे, चिंता कशाला? रस्टचं मोल मी मानतो. २०१४च्या हार्टब्लीड या सुरक्षा-त्रुटीत सी भाषेतल्या ओपनएसएसएल या लायब्ररीने समोरच्याने सांगितलेली लांबी तपासली नाही आणि एकेका विनंतीला ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर गेली. काळजीपूर्वक लिहिलं की सी पुरेशी आहे, हे म्हणूनच मला पटत नाही. डिसेंबर २०२२मध्ये लिनक्स ६.१ने रस्टला दार उघडलं, ते योग्यच झालं. पण एफसिंकची चूक रस्टच्या कंपायलरलाही दिसली नसती. मेमरी कोणाच्या मालकीची, हे तो तपासतो. डिस्क फसल्यावर कर्नल कसा वागतो, हे माणसालाच कर्नल वाचून समजून घ्यावं लागतं.

लिनक्सच्या कोट्यवधी ओळी पाहून छाती दडपते, हे खरं. एमआयटीने २००६मध्ये शिकवण्यासाठी तयार केलेली एक्सव्ही६ ही ऑपरेटिंग सिस्टिम मात्र दहा हजार ओळींच्या आत आहे, आणि तिचा कोड सर्वांसाठी खुला आहे. या सुट्टीत तीन-चार जण मिळून त्यात फाइल लिहिण्याचा रस्ता सिस्टिम कॉलपासून डिस्कच्या ड्रायव्हरपर्यंत शोधा. कुठे अडलात तर तुमचे प्राध्यापक आहेतच.